‘शेंगाचटणी’ची खरी चाल

नवरदेवाचे मित्र नाचायचे थांबले, तेव्हा मला आधी वाटलं, कुणाला तरी चक्कर आली असेल. मे महिन्यात बार्शीत दुपारी चारला वरात काढली की असं होतं. ट्रम्पेट तोंडाला लावूनच मी मान उंच करून बघितलं. कुणी पडलं नव्हतं. सगळी पोरं धडधाकट उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

“मास्तर,” गळ्यात रुमाल बांधलेला एक जण पुढं आला, “आमी ‘शेंगाचटणी’ सांगितलं होतं.”

“मग काय वाजवायलोय?”

“हे? हे कुठलं ‘शेंगाचटणी’?”

मला वाटलं, ह्यानं घेतलेली दिसतेय. मी ताफ्याला खूण केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून उचललं. ‘शेंगाचटणी, शेंगाचटणी, थोडी मला वाढ गं.’ २०४३च्या लग्नसराईतलं सगळ्यात गाजलेलं गाणं. बार्शीतल्या प्रत्येक कानात इअरबड आणि प्रत्येक इअरबडात हेच. आम्ही ते पंधरा दिवस तालीम करून बसवलं होतं. एक सूर इकडचा तिकडं होत नव्हता, आणि पोरं मात्र मख्खासारखी उभी. नाचत होता तो एकटा नवरीचा मामा. टक्कल पडलेला, साधारण माझ्याच वयाचा, दोन्ही हात वर करून स्वतःशीच खूश.

शेवटी नवरदेवाचे वडील आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, “मास्तर, राहू द्या. तुमाला येतंय ते जुनं कायतरी वाजवा. वरात पुढं सरकू द्या.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. डीजेच्या भिंतींवर बंदी आल्यापासून ब्रास बँडला पुन्हा चांगले दिवस आले होते, आणि बार्शी तालुक्यात ‘ऐवळे ब्रास बँड’ म्हणजे नवं गाणं सगळ्यात आधी, हे लोक डोळे झाकून मान्य करायचे. त्या ऐवळ्याला, म्हणजे मला, सुखदेव ऐवळेला, भर रस्त्यात ‘जुनं वाजवा’ म्हणून सांगितलं गेलं. मी वाजवलं. वाजवताना डोळे मात्र उजवीकडे, क्लॅरिनेटवर होते. तिथं माझा धाकटा भाऊ अंकुश होता, आणि तो खाली मान घालून वाजवत होता.

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवालीनं न मागता कोथिंबीर टाकली की मी मेथीची जुडी सोडून बघतो. त्यामुळं अंकुशची ती खाली घातलेली मान माझ्या मनातून जाईना.

आमच्या बँडची एक पद्धत आहे. नवं गाणं आलं की मास्तर ते ऐकतो, वहीत सरगम उतरवतो आणि बाकीचे वहीवरून शिकतात. मास्तरानं उतरवलं ते गाणं. त्याला कुणी ‘चुकलं’ म्हणत नाही. ‘शेंगाचटणी’च्या तालमीत पहिल्यांदाच अंकुश म्हणाला होता, “अण्णा, तिसऱ्या ओळीत चाल खाली येते. तू वर न्यायलास.”

“कान धुऊन ये,” मी म्हणालो होतो.

आणि आता आठवलं, ते गाणं मी ज्या इअरबडांवर ऐकलं, ते दिवाळीला मला कुणी दिले होते? अंकुशनं. मी सत्तावन्न वर्षांचा, तो चव्वेचाळीसचा. मी बाजूला झालो की मास्तर कोण होणार? अंकुश. मग मला चुकीचं गाणं ऐकवून चारचौघांत तोंडघशी पाडायचं, एवढं त्याला अवघड नव्हतं. गाडीत वाद्यं चढेपर्यंत माझ्या डोक्यात खटला चालून निकालही लागला होता.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं, “काय भरलंयस त्या इअरबडात?”

तो म्हणाला, “अण्णा, राग नको मानू. तुझे कान तपासून घे. वय होतं माणसाचं.”

मी त्याच पावली कानाच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सायरा तांबोळी मॅडम तशा तरुण, पस्तिशीच्या आत, पण कामाला चोख. त्यांनी मला बंद खोलीत बसवून तासभर बारीकसारीक आवाज ऐकवले आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या वयाच्या मानानं कान झकास आहेत.” मी ते लेखी घेतलं आणि अंकुशपुढं नाचवलं. कान झकास, म्हणजे दोष माझ्यात नाही. दोष माझ्यात नाही, म्हणजे लबाडी त्याची.

“मी लबाड?” अंकुश म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. “पोरगा होतो तेव्हापासून तुझ्या उजव्या हाताला उभा राहायलोय. लबाड?”

“मग बोल की. कुणी शिकवलं तुला हे?”

त्यानं क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली आणि तो गेला. आठवड्याभरात ‘न्यू ऐवळे ब्रास बँड’ची पाटी उपळाई रस्त्याला लागली. माझी सात माणसं त्याच्याकडे गेली. जाताना त्यातला ढोलवाला म्हणाला, “मास्तर, खरं सांगू? आमाला सगळ्यांनाच वाटायचं, तुमची चाल चुकायलीय. पण तुमाला सांगणार कोण?”

म्हणजे कट फक्त भावाचा नव्हता, सगळ्यांचाच होता. मला तर हे आधीच वाटलं होतं.

अंकुशच्या नव्या बँडची पहिली वरात लातूर रस्त्यावर होती. मी गेलो. बोलावणं नव्हतं. उसाच्या रसाच्या गाड्यामागं ग्लास धरून उभा राहिलो आणि त्याची फजिती व्हावी म्हणून मनातल्या मनात देवाला साकडं घातलं. हे सांगायला लाज वाटते, पण तसं घातलं.

पोरांनी ‘शेंगाचटणी’ मागितलं. अंकुशनं सुरू केलं. तिसऱ्या ओळीत त्यानं चाल खाली आणली, म्हणाला होता तशीच. आणि पोरं थांबली. “ओ, ‘शेंगाचटणी’ लावा की!” कुणीतरी ओरडलं. चाळिशीतले चार-पाच बाप्ये आणि दोन बाया तेवढ्या नाचत होत्या. ही सगळी भोवतीच्या पोरांना हसत होती, आणि पोरं त्यांना.

मला आनंद झाला. तो रसाच्या ग्लासातला फेस बसायच्या आत ओसरला. कारण अंकुशचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. तो गोंधळला होता. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तसंच वाजवलं, अगदी मन लावून, आणि पुन्हा कुणी नाचलं नाही. मला फसवायला त्यानं चाल बदलली असती, तर स्वतःच्या पहिल्या वरातीत तीच कशाला वाजवली असती? माझा खटला तिथंच, रसाच्या गाड्यामागं, पार कोसळला. आणि त्याच्या जागी एक भलतीच शंका आली.

मी तसाच सायरा मॅडमकडे गेलो. “‘शेंगाचटणी’ ऐकता का तुम्ही?”

त्या हसल्या. “कोण ऐकत नाही?”

“म्हणून दाखवा.”

त्यांनी लाजत दोन ओळी गुणगुणल्या. शब्द तेच. चाल माझी नव्हती आणि अंकुशचीही नव्हती. ती तिसरीच होती. मी त्यांना माझी म्हणून दाखवली. मॅडमचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी माझा फोन आणि त्यांचा फोन शेजारीशेजारी ठेवले, दोन्हींवर एकच गाणं लावलं आणि आवाज मोठा केला. खोलीत जो गोंगाट झाला, तो ऐकून बाहेर बसलेला पेशंट आत डोकावला.

मॅडमनी मग गाण्याच्या त्या ॲपचा, ‘कानसेन’चा, करारनामा उघडला. आपण सगळे न वाचता ज्याच्याखाली ‘मान्य’ दाबतो, तोच. अर्धा तास त्या वाचत बसल्या. मग मला जे सांगितलं, ते मला समजलं तसं सांगतो.

गाणं ऐकताना मेंदू गप्प बसत नाही. पुढचा सूर कुठला येणार, याचा अंदाज बांधत असतो. अंदाज जरासा चुकवून मग जुळवून दिला, की त्याला गुदगुल्या होतात. हे अंदाज बांधायचे साचे साधारण बारा ते बावीस या वयात तयार होतात. त्या वयात मेंदू कोवळा असतो, रिकामा वेळ असतो, मित्र असतात, प्रेमात पडायचं असतं, आणि जे कानावर पडेल ते त्या सगळ्यासकट आत जाऊन बसतं. नंतर नवे साचे करायला मेंदू नाखूश होतो. नवी गाणी जुन्या साच्यात बसत नाहीत, अंदाज नुसतेच चुकत राहतात, गुदगुल्या होत नाहीत. मग माणूस म्हणतो, हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही. तिशी-पस्तिशीनंतर बहुतेक लोक नव्या गाण्यांचा नाद सोडतात, तो असा.

“यात गाणी विकणाऱ्यांचं नुकसान होतं,” मॅडम म्हणाल्या. “पस्तिशीपुढचं सगळं गिऱ्हाईक हातचं जातं. म्हणून ह्यांनी उलटं केलं. कान बदलत नाही ना, मग गाणं बदला. हे इअरबड कानाच्या आतून मेंदूच्या लहरी मोजतात. तुम्हाला कुठं गुदगुल्या होतात, ते यांना कळतं. बाजारात येतात ते फक्त शब्द आणि गायिकेचा गळा. चाल, ताल, वाद्यं, सगळं तुमचा फोन तुमच्यापुरतं तयार करतो. कणीक एकच, कुणाला चपाती लाटून मिळते, कुणाला पुरी. एका वयाच्या लोकांचे साचे सारखे, म्हणून त्यांच्या चालीही जवळपास सारख्या निघतात. आधी नुसता ठेका बदलायचे. नव्या कराराप्रमाणे या वर्षीपासून चालसुद्धा.”

‘शेंगाचटणी’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते आठवलं. हल्लीच्या पोरांना अजून चांगली चाल सुचते, असं मी मंदाला, माझ्या बायकोला, म्हणालो होतो. त्यात माझ्या शाळेच्या दिवसांतल्या कॅसेटचा वास होता, हे तेव्हा कळलं नाही. मंदा स्वयंपाक करताना तेच गाणं म्हणायची, आणि मी तिला रोज बेसूर म्हणायचो.

“पण कुणाच्याच कसं लक्षात येत नाही?”

“शेजारचा वेगळं गुणगुणला तर तुम्ही काय म्हणता? त्याला गाता येत नाही. तोही तुमच्याबद्दल तेच म्हणतो. सगळ्यांनी मिळून एकच चाल ऐकायची वेळ येते कुठं आता? तुमची वरात सोडली तर.”

“मग मूळ चाल कुठली? खरी?”

त्यांनी कंपनीच्या मदतखिडकीला तोच प्रश्न विचारला. उत्तर लगेच आलं, ‘आपण ऐकता तीच मूळ चाल आहे.’ मॅडमनी फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “मास्तर, खरी चाल नाहीच.”

मला भीती वाटली. एवढी वर्षं गाणी उतरवली, पण जे गाणं कुठंच नाही ते उतरवायची पाळी आली नव्हती.

वैराग गावातलं एक ठरलेलं लग्न आठ दिवसांवर होतं. तिथल्या लोकांनी झाला प्रकार ऐकला होता आणि बजावलं होतं, ‘शेंगाचटणी’ नीट वाजलं तर पुढच्या सगळ्या भावकीची लग्नं तुमची, नाहीतर लातूरहून बँड आणू. पण मला खरी काळजी वैरागची नव्हती. मी माझ्या भावाला सगळ्यांसमोर लबाड म्हणालो होतो, आणि तो लबाड नव्हता.

संध्याकाळी पाचला उपळाई रस्त्याला गेलो. अंकुशची बायको प्रणाली दारात आली. “भाऊजी?” एवढंच म्हणाली आणि आत वळून बघितलं. अंकुश ओट्यावर आला. बस म्हणाला नाही.

मी सगळं सांगितलं. त्यानं हाताची घडी घालून ऐकलं. “छान बनवून आणलंयस,” तो म्हणाला. “आता काय म्हणायचंय तुला? दोष तुझा नाही, माझाही नाही, कंपनीचा.”

“हा घे. माझा इअरबड घाल.”

“का? त्यात काय भरलंयस?”

माझंच वाक्य होतं, परत मिळालं. मी हात तसाच पुढं धरून ठेवला. जरा वेळानं त्यानं इअरबड घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि कानात घातला. मी गाणं लावलं.

“ही तुझी चाल,” तो म्हणाला. “तिसरी ओळ वर न्यायली. काय त्यात?” आणि मग त्याचा चेहरा बदलत गेला. सायरा मॅडमनी मला सांगितलं होतं, अर्ध्या मिनिटात यंत्र नवा कान ओळखतं. त्याच्या कानात माझी चाल हळूहळू वळत होती, पुसली जात होती, आणि गायिका एका श्वासाचंही अंतर न पडता त्याची चाल गायला लागली होती. त्यानं विंचू झटकावा तसा इअरबड काढला.

“माझी झाली,” तो म्हणाला. “अण्णा, ती माझी झाली.”

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. रस्त्यावरून एक पोरगा गुणगुणत सायकलवरून गेला, शब्द ‘शेंगाचटणी’चेच. अंकुशनं त्याच्याकडे असं बघितलं, जसा काही चोरच चाललाय.

“म्हणजे मी लबाड नव्हतो,” तो म्हणाला.

“नव्हतास. माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर माफी मागतो.”

“आणि लातूर रस्त्याला रसाच्या गाड्यामागं कोण उभं होतं?”

मी मान खाली घातली.

“हसायला आला होतास ना?”

“हो.”

तो म्हणाला, “आता कशाला आलास, ते सांग. नुसती माफी मागायला तू यायचा नाहीस.”

मी सांगितलं. वैरागच्या नवरा-नवरीला इअरबड काढून समोरासमोर बसवायचं आणि दोघांनी मिळून गाणं म्हणायचं. अडखळत, भांडत, पण दोघांच्या तोंडून एक होईल ती चाल धरायची. फोनवरून काही घ्यायचं नाही. माणसाच्या तोंडून घ्यायचं. अडचण अशी की ते पंचविशीतले. त्यांची चाल माझ्या कानात शिरणार नाही, मधेच माझ्या साच्यात घसरेल. अंकुशचा कान माझ्याहून तेरा वर्षांनी तरुण. त्यानं ती त्यांच्याकडून उतरवावी, आणि मी त्याच्याकडून शिकावी. वही त्याची. मास्तर तो.

“तू माझ्याकडून शिकणार?” तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “तू जन्मात कधी माझं ऐकलंस? चार दिवस हो-हो म्हणशील, आणि वरातीत तिसरी ओळ वर नेशील. मला ठाऊक आहे तुला.”

“नाही नेणार.”

“थांब मग.” तो आत गेला आणि क्लॅरिनेट घेऊन आला. “माझी ‘शेंगाचटणी’ शीक. आत्ता, इथं. वही नाही, फोन नाही. मी वाजवतो, तू ऐक आणि वाजव.”

मी गाडीतून ट्रम्पेट आणली. त्यानं एकदा वाजवलं. मी वाजवलं. तिसऱ्या ओळीला माझी बोटं आपोआप वर गेली.

“बघ,” तो म्हणाला.

“पुन्हा वाजव.”

पुन्हा वर गेली. पाचव्यांदा गेली, आठव्यांदा गेली. मी मुद्दाम करतोय, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. पण खरं सांगतो, मी जीव तोडून ऐकत होतो. तो खाली यायचा आणि माझ्या आतून कुणीतरी म्हणायचं, असं नसतं, असं कधीच नसतं. त्याची चाल मला कोरडी वाटत होती. मधेच तुटल्यासारखी, जिथं रमावं तिथंच पळणारी. मी सूर ऐकायचं सोडून दिलं आणि त्याच्याकडे बघायला लागलो. खाली येण्याआधी तो खांदा किंचित सोडायचा, डोळे मिटायचा. आमच्या तालमीच्या खोलीत आल्यापासून तो असाच वाजवत असणार. मी कधी बघितलं नव्हतं.

तेराव्या की चौदाव्या वेळी त्याचा खांदा सुटला तेव्हा मीही खाली आलो.

तो थांबला. “पुन्हा.”

पुन्हा खाली आलो. मग सबंध गाणं, दोनदा, न चुकता. प्रणाली दारात उभी राहून ऐकत होती. शेजारची दोन माणसं कुंपणाशी आली होती. माझे ओठ बधिर झाले होते.

अंकुशनं क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. त्याची नजर अजूनही संशयानं मला चाचपत होती, अगदी माझ्यासारखी. ऐवळ्यांच्या घरात ती सगळ्यांचीच असते.

“आवडली का चाल?” त्यानं विचारलं.

मला कळलं, सगळं आता या उत्तरावर आहे. गोड बोललो असतो तर ते त्याला ऐकायला बरं वाटलं असतं, पण पुन्हा माझ्यावर विश्वास बसला नसता.

“अजिबात नाही,” मी म्हणालो.

अंकुशनं आत वळून प्रणालीला सांगितलं, “अण्णाला चहा ठेव,” आणि मला विचारलं, “वैरागच्या पोरांना कधी बोलवायचं?”